पांच वॉट आणि एक तार

गेल्या महिन्यांत एका भगिनीचें पत्र या सदराकडे आलें. त्यांतील प्रश्न थोड्याफार फरकानें अनेक घरांतून उपस्थित होणारा आहे. म्हणून त्याचें उत्तर खाजगी रीतीनें न धाडतां येथें सर्वांसमक्ष देतों. भगिनींचें कुटुंब एकत्र असून घर तिमजली आहे व वर मोकळी गच्ची आहे. त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीचें शिक्षण घेणारा. त्यानें हौशी बिनतारी संदेशवहनाची सरकारी परीक्षा मोर्सच्या लिपीसह उत्तीर्ण करून परवाना मिळविला आहे. आतां नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारीं होणाऱ्या जागतिक स्पर्धेंत उतरण्याचें त्यानें मनांत आणिलें आहे. आणि तेंही केवळ पांच वॉट शक्तीचें यंत्र व गच्चीवर ताणलेली एक साधी तार एवढ्याच सामग्रीवर.

ही गोष्ट घरांतील वडील मंडळींच्या कानीं गेली, तेव्हां मुलाचे थोरले काका, म्हणजे पत्रलेखिकेचे यजमान, म्हणाले, "खेळावयाचें तर जिंकण्यासाठीं खेळावें. शंभर वॉटांचें यंत्र मी घेऊन देतों." मुलानें "नको, मला पांचच वॉटांवर करावयाचें आहे," असें उत्तर दिलें. काकांना तो आपल्या देण्याचा अव्हेर वाटला. तेव्हांपासून पंक्तीला दोघांचीं पानें शेजारीं मांडलीं जातात, पण बोलणें नाहीं. भगिनी विचारतात: पांच वॉटांत देवघरांतला लहानसा दिवा लागतो, तेवढ्यानें परदेशीं कांहीं पोहोंचतें काय? पोहोंचलें तरी दोन रात्री जागून मिळावयाचें काय? आणि मुलाचा नकार हा उद्धटपणा समजावा किंवा कसें?

प्रश्न तीन आहेत. त्यांचा विचार क्रमानें करूं.

पहिल्याचें उत्तर 'होय, पोहोंचतें' असें आहे; परंतु तें समजण्यासाठीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९०१ सालच्या डिसेंबरांत मार्कोनीनें इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकावरील पोल्ढू येथून निघालेलीं मोर्सचीं तीन टिंबें अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्यें ऐकिल्याचें जाहीर केलें. त्यानंतर पुष्कळ वर्षें विद्वानांची समजूत अशी होती कीं, दूर जावयाचें तर लहर फार लांब पाहिजे आणि यंत्र फार बलाढ्य पाहिजे. त्याच समजुतीनें अमेरिकेंत १९१२ च्या कायद्यान्वयें हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींवर लोटण्यांत आलें. त्या लहरी निरुपयोगी असल्यामुळें त्या कोणासही देतां येण्याजोग्या होत्या! सावत्र भावंडांना माळरान वांटून द्यावें तसाच हा प्रकार झाला.

पुढें माळरानांत पाणी लागलें. १९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडली नांवाचा अमेरिकन हौशी गृहस्थ स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथें समुद्रकांठीं तंबू ठोकून बसला आणि आपल्या देशबांधवांचे आंखूड लहरींवरील संदेश त्यानें अटलांटिकच्या अलीकडे ऐकिले. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस शहरांतून लेओं देलॉय यानें अमेरिकेंतील फ्रेड श्नेल याशीं सुमारें ११० मीटरच्या लहरीवर दोन्ही बाजूंनीं संभाषण केलें. मग मोठमोठ्या कंपन्यांचे डोळे उघडले. आमच्या वाचकांच्या परिचयाचें उदाहरण द्यावयाचें तर, १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें आंखूड लहरींची जी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचें संदेश पाठविणारें ठाणें पुण्याजवळ खडकीस होतें आणि संदेश घेणारें ठाणें दौंडास होतें.

आंखूड लहर इतकी दूर कशी जाते? पृथ्वीच्या वर सुमारें साठ-सत्तर किलोमीटरपासून कित्येक शें किलोमीटरपर्यंत हवेचे विरळ थर सूर्याच्या तेजानें विद्युद्भारित झालेले असतात. या प्रदेशास आपल्या शास्त्रीय परिभाषेंत आयनांबर म्हणतात. त्याचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध करणारे इंग्लंडचे ॲपल्टन यांना १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांचा उच्च वातावरणावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तिरप्या दिशेनें वर गेलेली आंखूड लहर या थरांतून वांकून पुन्हां भूमीवर उतरते, भूमीवरून उसळून पुन्हां वर जाते, आणि अशा दोन-तीन टप्प्यांत मुंबईहून लंडनपर्यंतचे सुमारें सात हजार किलोमीटर ओलांडते. वाट आकाशानें बांधून दिलेली आहे. ती खुली असेल तेव्हां थोड्या शक्तीनेंही काम होतें. ती बंद असेल तेव्हां शंभर वॉटही व्यर्थ जातात.

आतां शंभर आणि पांच यांतील अंतर मोजूं. शंभर हे पांचाच्या वीसपट आहेत, हें कोणीही मान्य करील. परंतु ऐकणाऱ्याच्या बाजूस हा हिशेब निराळा होतो. ग्राहक यंत्रावर संदेशाचा जोर दाखविणारा एक कांटा असतो. संकेत असा आहे कीं, हा कांटा एक पायरी चढावयास येणारी शक्ति चौपट व्हावी लागते. चार चोक सोळा. म्हणजे वीसपट शक्तीनें दोन पायऱ्या व वर थोडें इतकाच फरक पडतो. शंभर वॉटांचा संदेश सातव्या पायरीवर ऐकूं येत असेल, तर पांच वॉटांचा जवळजवळ पांचव्या पायरीवर येईल. तो मंद असेल, पण लुप्त होणार नाहीं. त्यांत मोर्सच्या कट्टकडकट्टाला मनुष्याच्या आवाजापेक्षां फारच थोडी जागा लागते, त्यामुळें सर्व शक्ति एका बारीक सुरांत एकवटते. आणि कान तयार झालेला मनुष्य खरखरींतूनही तो सूर वेंचून काढतो.

येवढें खरें कीं, थोड्या शक्तीच्या मनुष्याला तारेच्या बाबतींत गाफील राहून चालत नाहीं. पत्रलेखिकेच्या पुतण्यानें योजिलेली तार ही सर्वांत साधी, मध्यभागीं दुभंगलेली, अर्ध्या लहरीच्या लांबीची आहे. तिचें गणित शाळेंतल्या मुलालाही करतां येईल. मेगाहर्ट्झमध्यें दिलेल्या कंपनसंख्येनें १४३ या अंकास भागावें. येईल ती मीटरमधील लांबी. वीस मीटरच्या पट्ट्यांत १४.०५ ही कंपनसंख्या धरली, तर १०.१८ मीटर लांबी येते. म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंस सुमारें पांच मीटर नऊ सेंटिमीटर तांब्याची तार. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठीं ७.०२ धरल्यास २०.३७ मीटर. या दुसऱ्या तारेचा एक विशेष असा कीं, सातांची तिप्पट एकवीस होत असल्यामुळें तीच तार १५ मीटरच्या पट्ट्यांतही बऱ्यापैकीं काम देते. मात्र हें गणित केवळ आरंभापुरतें आहे. भिंती, पत्रे, पाण्याची टांकी यांच्या सान्निध्यानें तारेची योग्य लांबी बदलते. म्हणून तार प्रथम वीतभर जास्त कापावी, परत फिरणारी शक्ति दाखविणारें लहान मीटर जोडावें आणि दोन्ही टोंकें सारखीं छाटीत छाटीत योग्य मापावर यावें.

उंचीचाही विचार आहे. तार भूमीपासून निदान अर्धी लहर उंच असली, तर तिचें तेज आडवें, क्षितिजाकडे जातें आणि दूरचा देश गांठतें. वीस मीटरच्या लहरीला ही उंची दहा मीटर होते, आणि तिमजली घराची गच्ची ती आपोआप देते. चाळीस मीटरची तार त्याच उंचीवर बहुतेक तेज वर फेंकते. ती श्रीलंका, थायलंड अशा जवळच्या देशांना उपयोगी पडते, लांबच्यांना कमी. दोन टोंकांना दोन खांब नसतील तर मध्यभागीं एकच बांबू उभारून तारेचे दोन्ही बाहू उताराच्या छपराप्रमाणें खालीं आणावे. मात्र शेंड्याचा कोन काटकोनाहून लहान होऊं देऊं नये.

तार कोणत्या दिशेनें ताणावी हा प्रश्न सर्वांत मनोरंजक आहे. अशी तार आपल्या लांबीच्या आडव्या दिशांना अधिक बोलते आणि टोंकांच्या दिशांना कमी. महाराष्ट्रांतून पाहतां युरोप वायव्येस येतो. म्हणून तार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे ताणली असतां तिचें एक अंग युरोपकडे व दुसरें आग्नेयीस ऑस्ट्रेलियाकडे होतें. पण मग जपान जवळजवळ टोंकाच्या दिशेस जातो व दुर्बळ होतो. सर्व दिशा एकाच तारेनें साधत नाहींत. कोणास जवळ करावयाचें व कोणास थोडें दूर ठेवावयाचें हें आधीं ठरवावें लागतें.

भगिनींनीं विजेच्या भयाचा उल्लेख केला आहे. बारीक तारेमुळें वीज मुद्दाम घरावर ओढली जाते असें नाहीं. परंतु गडगडाट सुरू होण्यापूर्वींच तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी व तिची जोडणी भूमीशीं असावी, हा नियम मोडूं नये. याहूनही खरें भय रस्त्यावरील विद्युत्तारांचें आहे. आपली तार तुटून पडली तरी त्यांच्यावर पडणार नाहीं, इतकें अंतर राखलेंच पाहिजे. ही पाहणी घरांतील वडील माणसानें स्वतः गच्चीवर जाऊन करावी. पांच वॉटांनीं शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणीस त्रास होण्याचा संभव अल्प आहे. उलट शेजाऱ्यांच्या व आपल्याच घरांतील स्वस्त दिव्यांच्या आणि चार्जरच्या खरखरीचा त्रास या मुलासच अधिक होईल.

आतां दुसरा प्रश्न: यांत मिळावयाचें काय? त्यासाठीं स्पर्धेचे नियम जाणले पाहिजेत. ही स्पर्धा १९४८ सालीं सुरू झाली. ती आंतरराष्ट्रीय वेळेप्रमाणें शनिवारच्या आरंभीं, म्हणजे आपल्याकडे शनिवारीं पहाटे साडेपांचास सुरू होते आणि सोमवारीं पहाटे साडेपांचास संपते. एकंदर तास अठ्ठेचाळीस. १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत ठरलेल्या सहा पट्ट्यांवर जितक्या ठाण्यांशीं बोलतां येईल तितक्यांशीं बोलावयाचें. बोलणें अगदीं थोडें: आपली संज्ञा, संदेशाच्या गुणवत्तेचा अंक, आणि आपल्या विभागाचा क्रमांक. या स्पर्धेसाठीं सगळ्या पृथ्वीचे चाळीस विभाग कल्पिले आहेत. आपला भारत बाविसाव्या विभागांत येतो.

गुणांची रीत अशी. दुसऱ्या खंडांतील ठाण्याशीं संपर्क झाल्यास तीन गुण. आशिया खंडांतीलच दुसऱ्या देशाशीं झाल्यास एक गुण. स्वदेशांतील ठाण्यास शून्य गुण. या गुणांच्या बेरजेस गुणावयाचें तें प्रत्येक पट्ट्यावर मिळविलेल्या निरनिराळ्या देशांच्या व विभागांच्या एकूण संख्येनें. समजा, आपल्या या मुलानें साठ ठाणीं मिळविलीं. त्यांतील वीस आशियांतील व चाळीस बाहेरचीं. गुण झाले वीस अधिक एकशेंवीस, म्हणजे १४०. देश तीस व विभाग चौदा मिळाले असतील तर गुणक ४४. गुणाकार ६,१६०. आतां त्याला आणखी एक जर्मन ठाणें मिळालें आणि जर्मनी त्या पट्ट्यावर आधींच मिळालेला असला, तर १४३ गुणिले ४४, म्हणजे ६,२९२. वाढ १३२ ची. पण त्याऐवजीं ब्राझीलचें ठाणें मिळालें आणि तो देश व तो विभाग दोन्ही नवे असले, तर १४३ गुणिले ४६, म्हणजे ६,५७८. वाढ ४१८ ची! थेंबें थेंबें तळें साचतें हें खरें, पण येथें नव्या दिशेनें आलेल्या थेंबाचें मोल तिपटीहून अधिक आहे. त्यामुळें केवळ जोरानें ओरडणाऱ्यापेक्षां कोणत्या वेळीं कोणती दिशा खुली होते हें जाणणारास या खेळांत मान मिळतो.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यांत राहतो व कित्येक वर्षें पांच वॉटांवर ही स्पर्धा खेळतो. गेल्या नोव्हेंबरांत रविवारीं दुपारीं तीन वाजल्यापासून सात वाजेपर्यंत आम्ही त्याच्या शेजारीं खुर्ची टाकून बसलों होतों. मेजावर पाटीपूजनाच्या पाटीएवढें यंत्र, बारा व्होल्टांची बॅटरी, मोर्सची कळ, कानांवर लावावयाचे श्रवणक, आणि नोंदीसाठीं लहानसा संगणक. बसण्यापूर्वीं त्यानें घरांतील सर्व चार्जर काढून ठेवविले व जिन्यांतला एक दिवा मालवविला. खरखर लगेच उतरली. त्याच्या मातोश्रींना ही शिस्त इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, त्यांनीं मिक्सरही सातनंतर लावण्याचें आधींच ठरविलें होतें.

पंधरा मीटरच्या पट्ट्यावर ठाण्यांची नुसती दाटी होती. आमचा विद्यार्थी स्वतः होऊन हांक देत नव्हता. मंद आवाजाच्या मनुष्यानें भर बाजारांत हांक देऊन गिऱ्हाईक येत नाहीं. तो मोठ्या आवाजाच्या ठाण्यांकडे एकामागून एक जात होता. प्रथम ऐके. त्या ठाण्याची संज्ञा पूर्ण कळेपर्यंत कळेला हात लावीत नसे. शेंकडों जण एकदम हांका मारीत असतांना तो गप्प बसे. गलका ओसरण्याच्या क्षणीं आपली संज्ञा एकदांच, किंचित् वरच्या सुरावर, सावकाश पाठवी. एका इटालियन ठाण्यानें सहा वेळां ऐकून घेतलें नाहीं. सातव्या वेळीं तिकडून संज्ञेचीं शेवटचीं दोन अक्षरें व प्रश्नचिन्ह आलें. त्यानें संज्ञा पुन्हां दिली. तिकडून एक अक्षर चुकलें; त्यानें तिसऱ्यांदा दिली. आणि गंमत पहा, शेंकडों मोठे आवाज वाट पाहत असतांना तो इटालियन गृहस्थ सगळ्यांना थांबवून या एका क्षीण आवाजाचें शेवटचें अक्षर पुरें होईपर्यंत थांबला.

हें औदार्य कीं स्वार्थ, असें आम्हीं विचारलें. विद्यार्थी म्हणाला, "सर, दोन्ही. बाविसाव्या विभागांतलीं ठाणीं तिकडे थोडींच मिळतात, म्हणून त्याला मी हवा आहें. आणि आज दुसरा दिवस आहे. मोठे आवाज त्यानें कालच संपविले. आतां तो कानोसा घेतो." म्हणून पांच वॉटवाल्यांचा खरा सुगीचा काळ रविवारीं दुपारनंतर येतो. पहिल्या दिवशीं उत्तरें न मिळाल्यामुळें खचून जाऊन जे उठतात त्यांना ही सुगी कधींच दिसत नाहीं.

सूर्य मावळतीस गेला तसा पंधरा मीटरचा पट्टा विरत चालला आणि तो वीस मीटरवर आला. संध्यासमयीं, दिवस व रात्र यांच्या सांध्यावर, आणखी आंखूड कंपनसंख्यांच्या पट्ट्यांवर थोडा वेळ फार दूरचे आवाज येतात. दिवसा त्या लहरी गिळून टाकणारा खालचा थर त्या वेळीं नाहींसा होऊं लागतो आणि वरचा थर अद्याप शाबूत असतो. पहाटेही तसेंच. ज्यांच्या घरीं संधिकाल हा अद्याप घड्याळापेक्षां क्षितिजाकडे पाहून ठरविला जातो, त्यांना हें सहज उमगेल. चार तासांत त्याला तेवीस ठाणीं मिळालीं. जपानच्या एका ठाण्यामागें वीस मिनिटें गेलीं व तें मिळालें नाहीं. त्यानें तार युरोपसाठीं ताणली होती. त्यानें त्याविषयीं तक्रार केली नाहीं.

'मिळावयाचें काय?' याचें पहिलें उत्तर हें ऐकणें आहे. आपल्या घरांतील मुलें हुशार आहेत, बोलकीं आहेत. पण दुसऱ्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबणें त्यांना कठीण जातें, आणि वडील माणसांनाही जातें. या खेळांत न ऐकतां बोलणाऱ्याची शक्ति फुकट जाते. दुसरें उत्तर अचूकतेचें. खेळ संपल्यावर प्रत्येकाची नोंदवही मध्यवर्ती ठिकाणीं जाते व तेथें संगणकावर ती इतरांच्या नोंदवह्यांशीं ताडून पाहिली जाते. एक अक्षर चुकीचें लिहिलें तर तो संपर्क रद्द होतो, आणि वर दंडही बसतो. चाळीस वर्षें शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या मनुष्यास ही पद्धत ऐकून मोठें समाधान वाटलें, हें सांगितलें पाहिजे.

तिसरें उत्तर लोकोपयोगाचें. २००४ सालच्या डिसेंबरांत भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं हौशी बिनतारी चालकांचें एक पथक अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेलें होतें. तें गेलें होतें खेळासाठींच. त्या दुर्मिळ बेटांवरून जगांतील हौशी मंडळींना संपर्क द्यावा, इतकाच हेतु होता. २६ डिसेंबर रोजीं भूकंप व त्सुनामी झाली. दूरध्वनि बंद पडले. तेव्हां याच मंडळींनीं याच यंत्रांवरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातेवाइकांपर्यंत पोहोंचविण्याचें काम केलें. बॅटरी, तार व तयार कान यांवर चालणारें साधन अशा वेळीं उभें राहतें; पण तें चालविणारा हात खेळतां खेळतांच तयार झालेला असावा लागतो.

प्रशस्तिपत्राविषयींही सांगतों. भगिनी समजतात तसें अगदींच कांहीं नाहीं असें नाहीं. प्रत्येक देशांत प्रत्येक गटांतील श्रेष्ठ स्पर्धकास प्रशस्तिपत्र मिळतें. येथेंच काकासाहेबांच्या म्हणण्याकडे वळावयाचें. कुस्तीच्या फडांत जसे वजनाचे गट असतात, तसे या स्पर्धेंत शक्तीचे गट आहेत: पांच वॉटांपर्यंत एक, शंभर वॉटांपर्यंत दुसरा, आणि त्यावर पंधराशें वॉटांपर्यंत तिसरा. मुलानें शंभर वॉटांचें यंत्र घेतलें कीं तो दुसऱ्या गटांत गेला. तेथें त्याच्यासमोर उंच मनोऱ्यांवर फिरतीं एरियलें बसविलेले कसलेले खेळाडू असतील, आणि याच्या गच्चीवर तीच एक तार. पांच वॉटांच्या गटांत मात्र तो आपल्या तोडीच्या मंडळींत खेळेल. म्हणजे जिंकावयाचेंच असेल, तरीसुद्धां मुलाची निवड शहाणपणाची आहे.

आणखी एक गोष्ट काकासाहेबांनीं ध्यानीं घ्यावी. हे पांच वॉट मोजण्यास सामान्यतः कोणीही दारीं येत नाहीं. यंत्रावरील एक चकती फिरविली कीं पांचाचे दहा होतील, आणि ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही लागणार नाहीं. शनिवारीं रात्रीं दोन वाजतां, घर निजलेलें असतांना, सहा वेळां हांक मारूनही उत्तर न आल्यावर ती चकती हाताशीं असते. तिला बोट न लावतां सातवी हांक मारणें हें त्याचें त्यालाच ठाऊक राहणार. असा मोह ओळखून आपण होऊन मर्यादा पत्करणारा पुतण्या ज्यांच्या घरांत आहे, त्यांनीं त्याला करडेपणानें वागवूं नये.

परंतु चिरंजिवांसही दोन शब्द सांगणें आहे. आपली बाजू बरोबर असली म्हणजे ती कशीही मांडावी असें होत नाहीं. काकांनीं पैशाचा प्रश्न न काढतां शंभर वॉटांचें यंत्र देऊं केलें; तें त्यांच्या परीनें पाठीवर हात ठेवणेंच होतें. "नको" हा एक शब्द त्यांच्यापुढें टाकून तुम्ही उठलांत. तो त्यांना टोंचला यांत नवल नाहीं. ज्या खेळांत दूर देशींच्या अनोळखी माणसाला आपलें नांव तीन वेळां सावकाश सांगतां, त्यांतली अर्धी चिकाटी घरांत वापरावयास हवी होती. काकांपुढें कागद घेऊन बसा. वरील दोन-पायऱ्यांचा हिशेब त्यांना करून दाखवा. वजनी गटांची गोष्ट सांगा. आणि त्यांना विचारा कीं, मोठ्या यंत्राऐवजीं चांगली बॅटरी, तारेपासून यंत्रापर्यंत येणारी उत्तम प्रतीची केबल आणि बांबूच्या शेंड्याला लावावयाची कप्पी एवढें आपण देतां काय. दुर्बळ यंत्राची शक्ति केबलींत फुकट जाऊं नये, म्हणून हें देणें कांहीं लहान नाहीं.

भगिनींना आमची सूचना अशी. तार बांधण्याचा दिवस सुटीचा ठरवावा व फितीचें एक टोंक काकांच्या हातीं, दुसरें पुतण्याच्या हातीं द्यावें. दहा मीटर तार मोजतांना दोघांना बोलल्यावांचून चालत नाहीं. महाविद्यालयाच्या परीक्षा त्याच सुमारास असल्यास परीक्षा आधीं. स्पर्धा दर वर्षीं येते. दोन्ही रात्री जागण्याची सक्ति नाहीं. किती तास खेळावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. शनिवारीं रात्रीं बारापर्यंत, पुन्हां पहाटे दोन तास, आणि रविवारीं दुपारपासून रात्रीपर्यंत इतकें बसल्यास झोंपही होईल व सुगीही हातची जाणार नाहीं. रविवारीं तीन ते सात घरांतील चार्जर तेवढे काढून ठेवावे.

निकाल लागण्यास कांहीं महिने लागतात. गुणसंख्या कितीही आली तरी ती, आणि तार बांधतांना गच्चीवर काय बोलणें झालें तें, भगिनींनीं या सदराकडे अवश्य लिहून कळवावें. वाचकही त्याची वाट पाहतील.